सातव्या नियमाचं कारण

आबा,

चिंचेच्या बुंध्याला तीन वेढे घेतलेल्या दोरावर वरून फांदीचा भार आला की दोर कण्हायचा. करकरायचा नव्हे; म्हातारं माणूस बाजेवरून उठताना घशातल्या घशात करतं, तसा काहीतरी आवाज. तो मला आज सकाळी पुन्हा ऐकू आला. मी अंगणात तोंड धूत होतो. शेजारच्या वस्तीवर नवी म्हैस आणलीय, ती गोठ्यात जायला तयार नव्हती, म्हणून दोघांनी तिचं दावं लिंबाच्या खोडाला गुंडाळून धरलं होतं. तिनं हिसका दिला आणि दोर कण्हला. एवढंच. पण माझ्या दोन्ही मुठी आपोआप वळल्या, हातातला तांब्या खाली पडला, आणि सून आतून ओरडली, "काय झालं मामा?" काय झालं ते तिला काय सांगणार? तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता. मी म्हटलं, "काही नाही, म्हैस आली." आणि आत येऊन कागद ओढून बसलो.

खरं तर हा कागद तुमच्यासाठी नव्हता. परवा एक बाई आल्या होत्या. मोटारसायकलवरून, एकट्या, डोक्यावर पिवळं हेल्मेट, पाठीवरच्या पिशवीत दोरच दोर. झाडं छाटणाऱ्या माणसांना वर कसं चढायचं, कसं बांधून घ्यायचं, हे शिकवायचं त्यांचं काम. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की नव्वदच्या दशकात बारामती ते इंदापूर पट्ट्यात झाडं उतरवणारी एक टोळी होती, तिच्यातला कुणी मेला नाही, आणि तिचे स्वतःचे नियम होते. त्यांनी मला बोलतं केलं आणि सात नियम लिहून घेतले. मग त्याच कागदावर उजवीकडे दुसरा रकाना आखला, वर लिहिलं 'कारण', आणि कागद माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "काका, आमची पोरं नियम घडाघडा पाठ म्हणतात आणि झाडावर गेली की विसरतात. प्रत्येक नियम कशामुळं आला ते कळलं तर नाही विसरणार. तुम्ही कारणं लिहा, मी आठवड्यानं येते." टोळीत आणखी कुणी आहे का, असंही विचारलं. मी सांगितलं, एक तात्या आहे, इंदापुरात लेकीकडं असतो, पण गुडघे गेलेत त्याचे, घराबाहेर पडत नाही म्हणे.

जाण्याआधी मी त्यांना पिशवी उघडायला लावली. राहवलंच नाही. आबा, तुम्ही हवे होतात. कमरेचा आणि मांड्यांचा मिळून एक पट्टा असतो, त्यात माणूस खुर्चीत बसल्यासारखा बसतो. लोखंडाच्या कड्या, त्या आपोआप मिटतात, आणि मिटल्यावर पुन्हा फिरवून कुलूप लावायचं. दोराला बाहेरून एक विणलेला अभ्रा आणि आत वेगळंच सूत. मी त्यांना म्हटलं, "आणि हा आतून खराब झाला तर दिसणार कसा?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बोटांनी. रोज सकाळी सगळा दोर बोटांतून काढायचा." मला एकदम तुम्हीच दिसलात, अंगणात बसून, डोळे मिटून, पन्नास हात दोर अंगठ्याच्या नि बोटाच्या मधून सरकवणारे, आणि मधेच थांबून पीळ उलगडून आत बघणारे, जशी एखादी बाई पोरीच्या केसात बघते तसे.

पहिल्या सहा नियमांची कारणं मी एका बैठकीत लिहिली. सातव्याशी अडलोय. म्हणून म्हटलं, आधी तुम्हाला लिहावं. तुम्हाला लिहिलं तर कदाचित तिथं काय लिहायचं ते कळेल.

तुम्ही मला मास्तर म्हणायचात. सातवी झालो आणि माझी शाळा सुटली, पण शाळेतल्या कविता काही सुटल्या नाहीत. हंगामात कारखान्याच्या वजनकाट्यावर बसायचो, तिथंही उसाच्या गाड्या मोजता मोजता तोंडानं कडवी चालू. पट्टा पडला, गाळप संपलं, की हंगामी माणूस मोकळा. असाच एका चैत्रात मोकळा असताना तुमच्याकडं आलो. पावसाआधी रस्त्याकडेच्या नि तारांखालच्या फांद्या उतरवायचं काम तुम्ही अंगावर घ्यायचा. तुमच्या वाडवडिलांची मेंढरं होती. बाभळीवर चढून शेरडा-मेंढरांना पाला पाडता पाडता तुम्ही लहानपणीच झाडावरचे झालात, मग मेंढरं गेली नि झाडं राहिली. हे तुम्हीच सांगितलेलं. एमआयडीसीच्या रस्त्यावर एक लिंब होता, तो माझा पहिला दिवस. मला वाटलं, आता हा माणूस सरसर वर जाणार. तुम्ही आधी त्या लिंबाला फेरी मारलीत, हात खोडावर ठेवून, सावकाश. मग कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, म्हणजे मागच्या बोथट बाजूनं, खोडावर तीनदा ठोकलंत, कान लावलात आणि मोठ्यानं विचारलंत, "आत कोन हाय का?"

मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "मास्तर, हसाय काय झालं? लोकाच्या घरावर चढायचं तर इच्यारून चढावं का न्हाय?" मग मला कान लावायला सांगितलंत. एका जागी ठोकलं की भरीव ठक्क यायचं आणि वीतभर वर ठोकलं की ढोलकीसारखं. "हितं पोकळ हाय. हितनं वर माझा दोर बांधायचा न्हाय." तो झाला पहिला नियम. त्याच्या कारणात मी तुमचं ते वाक्यच लिहिलंय, लोकाच्या घराचं. बाईंना आवडेल असं वाटतं.

दुसरा, कुऱ्हाड हातात घेऊन चढायचं नाही; माणूस आधी बांधला जाणार, मग कुऱ्हाड दोरीनं वर जाणार. तिसरा, माणसाचा दोर वेगळा आणि फांदीचा वेगळा, एकाचं काम दुसऱ्याला सांगायचं नाही. माणसाच्या कमरेला निरगाठ, जी कितीही ओढली तरी सरकत नाही. फांदीला फास, जो ओढावा तितका आवळतो. या दोन्हींत कधी गल्लत करणाऱ्याला तुम्ही तीन दिवस नुसतं पाणी भरायला लावायचात. तुमच्या कमरेला दोराखाली घोंगडीच्या चार पदरांची पट्टी असायची, दोर हाडात रुतू नये म्हणून. बाईंच्या पट्ट्यालाही आतून तसलीच मऊ गादी आहे. ती लोकरीची नाही एवढंच.

चौथ्याचं कारण लिहिताना मला एकट्यालाच हसू येत होतं. तारेखालचं झाड असलं की लाईनमन डीपीवरचे तीन फ्यूज काढायचा, आणि तुम्ही ते त्याच्याकडून मागून कोपरीच्या खिशात ठेवायचात. तो बिचारा रुसायचा. "आबा, माझ्यावर भरवसा न्हाय व्हय तुमचा?" "तुज्यावर हाय की लेका. तू जेवाय गेल्यावर तुज्या जागी जो यील, त्येच्यावर न्हाय." एकदा काम संपलं, आपण घरी आलो, तुम्ही आंघोळ करून ओट्यावर बसलात, आणि दिवेलागणीला सगळी वस्ती अंधारात. लोक खात्याच्या नावानं बोटं मोडतायत. लाईनमन सायकल हाणत आला, घामाघूम. काकूंनी खुंटीवरची कोपरी झटकली आणि तिन्ही फ्यूज परातीत पडले. "ह्ये बघा! समद्या वस्तीचा उजेड खिशात घिऊन फिरतोय म्हातारा, आन मला म्हनतोय रॉकेल जपून वापर." तात्या तर पुढं वर्षभर तुम्हाला पाहिलं की आधी खिसा चाचपायचा.

तात्या रस्त्यावर असायचा, लाल फडकं घेऊन. खाली दिसेल ते तुम्हाला सांगायचं आणि पाचवा नियम पाळायचा, झाडाखाली कुणी येऊ द्यायचं नाही, हे त्याचं काम. एसटी असो, रिकाम्या ट्रॉलीचा ट्रॅक्टर असो, पुढारी असो. आणि मी बुंध्याशी, फांदीचा दोर धरून. आता हे नीट लिहितो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. फांदीला बांधलेला दोर वरच्या एका मजबूत बेचक्यातून खाली यायचा, बुंध्याला तीन वेढे घ्यायचा आणि मग माझ्या हातात. त्या तीन वेढ्यांची गंमत मला आजही वाटते. दोर खोडाला घासतो, आणि बैलाएवढी फांदी एक माणूस नुसत्या मुठीनं धरू शकतो, हवी तेव्हा बोटभर सोडू शकतो. दोन वेढे असतील तर घाम फुटतो. एक असेल तर माणूस फांदीला धरत नाही, फांदी माणसाला घेऊन जाते. हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत, किंवा शिकवत असतील, मी सातवीपर्यंतच होतो.

पाला दाट असायचा. वरून तुम्हाला मी दिसायचो नाही. म्हणून तुमचा सहावा नियम होता की दोर धरणाऱ्याचं तोंड चालू पाहिजे. गाणं म्हण, शिव्या दे, काहीही. आवाज येतोय म्हणजे माणूस जागा आहे आणि दोर ताठ आहे. आवाज थांबला की कुऱ्हाड थांबणार. माझ्या आधीचा गडी म्हणे सासुरवाडीला शिव्या घालायचा. मी कविता म्हणायचो. पहिल्याच दिवशी तुम्ही वरून ओरडलात, "मास्तर, ही नदीची हाय ती पुन्ना म्हन!" चौथीतली कविता होती, एक नदी डोंगरातून निघून वाटेत भेटेल त्याला काही ना काही विचारत जाते. मला ती अशी पाठ होती की झोपेतून उठवलं तरी तिसऱ्या कडव्यापासून म्हटली असती. खालून कविता, वरून कुऱ्हाड, रस्त्यावरून तात्याचं "थांबा, थांबा, मरायचंय का?". मला वाटायचं, मास्तर झालो असतो तर याहून वेगळं काय केलं असतं?

त्या दिवशी लासुर्ण्याच्या पुढं, इंदापूरच्या अंगाला, ती जुनी चिंच होती. फांदी अर्धा रस्ता ओलांडून गेलेली. तुम्ही म्हणालात, दोन ठिकाणी खाच घ्यायची आहे, वेळ लागेल. ज्येष्ठाचं ऊन. मी दोर धरून उभा, नदीची कविता चालू. आबा, मला कविता म्हणताना चालायची सवय आहे. आमचे गुरुजी वर्गात फेऱ्या मारत शिकवायचे, एका ओळीला चार पावलं, वळले की दुसरी ओळ. मला कविता त्यांच्या पायांसकट पाठ झाली होती. त्या दिवशी मी चालू लागलो. दोर हातात, तोंडात कविता, आणि मी बुंध्याभोवती फिरतोय, सावलीतून उन्हात, उन्हातून सावलीत. मनात काय होतं म्हणाल तर वर्गाची खिडकी होती, खिडकीबाहेरचं शेवग्याचं झाड होतं. एक फेरी झाली. दुसरी अर्ध्याच्या वर झाली. आणि मी ज्या बाजूनं फिरत होतो त्या बाजूनं वेढे सुटत होते.

तुम्ही वरून ऐकलं ते फक्त आवाज. आवाज तर पक्का होता. एक अक्षर चुकलं नव्हतं.

फांदी मोडल्याचा आवाज मी ऐकला तेव्हा बुंध्यावर जेमतेम सव्वा वेढा होता. दोर कण्हलाच नाही. तो नुसता गेला, माझ्या हातातून, कातडं घेऊन. फांदी पुरुषभर खाली कोसळली, मग मी कसाबसा दोर पायाखाली आणि मुळीत अडकवला, तेव्हा ती हिसक्यानं थांबली आणि तिचं जाड टोक झोका घेऊन मागं आलं, तुम्ही होता तिथं. वरून एकच आवाज आला, पिठाचं पोतं खाली पडावं तसा. मग पाला गळत राहिला. तुम्ही माणसाच्या दोरावर लोंबकळत होतात, डावा खांदा भलत्याच जागी. निरगाठ सुटली नाही. घोंगडीची पट्टी जागेवर होती. तात्या फडकं टाकून धावत आला आणि त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, माझ्या पायांकडं, मग वर.

बारामतीच्या दवाखान्यात तुमचा खांदा नि मांडीचं हाड बांधलं. काकू कॉटच्या पायथ्याशी बसल्या होत्या. कसं झालं, असं डॉक्टरांनी विचारलं. मी माझे दोन्ही हात मागं धरले होते, पट्ट्या बांधलेले. मी तोंड उघडणार, एवढ्यात तुम्हीच म्हणालात, "दोर वाईट हुता. माझाच पीळ हलका बसला आसंल." तो दोर तुम्ही आदल्या पावसाळ्यात घरी वळलेला. अंबाडी तुम्ही भिजवलेली, काकूंनी एका टोकाला धरून फिरवलेला. तुमच्या हातच्या दोराला अख्ख्या तालुक्यात कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि तुम्ही स्वतःच ठेवलंत. वर मला म्हणालात, "मास्तर, घरी जाऊन त्यो दोर तोडून टाक. हात-हात, दोन-दोन हात तुकडं कर. पुन्ना कुनी झाडावर न्हेता कामा नये."

मी तोडला. कुऱ्हाडीनं, तुमच्याच ओट्यावर. काकूंनी ते तुकडे शेरडांना दावी म्हणून वस्तीभर वाटले. त्यानंतर कितीतरी वर्षं मी येता-जाता त्या दाव्यांकडं बघायचो. बोकड बांधलेले, गाभण शेळ्या बांधलेल्या, ओढताहेत, मुसंडी मारताहेत. त्यातलं एक दावं तुटलेलं मी पाहिलं नाही.

तीस वर्षं मी असं समजत होतो की तुम्ही मला पाठीशी घातलंत. दोरावर घेतलंत, म्हणजे स्वतःवर घेतलंत. आणि परवा बाईंनी त्यांची शिकवायची वही दाखवली, तिच्यात एक नियम वाचला: ज्या दोराला मोठा हिसका बसला तो दिसायला कितीही चांगला असला तरी तोडून टाकावा, माणसासाठी पुन्हा वापरू नये. मी तो दोनदा वाचला. मग तुम्ही दोर तोडायला सांगितलात ते माझ्यासाठी नव्हतंच का? तो नुसता नियम होता, तुम्हाला कुणी न शिकवता कळलेला? आणि पीळ हलका बसला हे तुम्हाला खरंच वाटलं होतं? असंही असेल की तुम्हाला शेवटपर्यंत पत्ताच नव्हता. मला राग येत नाही, वाईटही वाटत नाही फारसं. नुसतं कुतूहल लागून राहिलंय. इतकी वर्षं मी ज्या माणसाच्या क्षमेखाली राहिलो, त्यानं क्षमा केली होती की नाही तेच मला माहीत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही चढू शकत नव्हता. एका सकाळी घोंगडीची पट्टी माझ्या पुढ्यात टाकलीत. "आता वर तू." मी म्हटलं, "आबा, मला जमायचं न्हाय." तुम्ही म्हणालात, "जमंल. तुजा दोर मी धरनार हाय." एका हातानं, आबा. डावा खांद्याच्या वर जात नव्हता. मी त्या पहिल्या बाभळीवर चढलो आणि खालून तुमचं तोंड सुरू झालं, ते पुढं चार वर्षं थांबलं नाही. "तुजा डावा पाय वाळल्या फांदीवर हाय, काढ. हां. दोर ताठ हाय, तीन येढं, म्या मोजलं. कावळा बसलाय तुज्या मागं, त्येचं घरटं आसंल, चोच मारंल, डोकं खाली घे. इंदापूर एसटी येतीया, तात्यानं अडवली. डायवर शिव्या देतोय. तात्या बी देतोय. येढं तीन हायत. आता ऊन माझ्या पाठीवर आलं. तुजी कोपरी फाटलीया मागनं, घरी सांग. येढं तीन." मी वर पाल्यात असायचो, मला काही दिसायचं नाही, आणि तरी सगळा रस्ता मला दिसायचा. मी इतक्या कविता पाठ केल्या, पण डोळे मिटले की आज जे ऐकू येतं ते हे.

आणि तेव्हाच तो सातवा नियम आला. पहिल्या दिवशी, मला वर पाठवण्याआधी, तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, "हितनं म्होरं दोर धरनाऱ्यानं पाठ आसलेलं काय बी म्हनायचं न्हाय. गानं न्हाय, कविता न्हाय, देवाचं नाव न्हाय. डोळ्याला दिसतंय तेवढंच बोलायचं." तात्यानं विचारलं, "का वो आबा? मास्तरच्या कविता ग्वाड लागत न्हाईत व्हय आता?" तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "पाठ आसलेलं त्वांड म्हनतं. मानूस कुठं आसतोय त्ये कळत न्हाय." एवढंच. आणखी एक गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत, नुसती केलीत: बुंध्याशी एक पसरट दगड आणून ठेवायचात आणि उजवा पाय त्यावर ठेवून उभे राहायचात. काम संपेपर्यंत तो पाय दगडावरून हलायचा नाही. मला वाटायचं, मांडी दुखते म्हणून टेकू घेत असाल. दुखतही असेल. पण तुम्ही मला पाय हलवताना पाहिलंच नव्हतं, वरून दिसणं शक्य नव्हतं; मग तो दगड कशासाठी?

हे तुम्हाला विचारायला माझ्याकडं चार उन्हाळे होते. आपण एकाच पातेल्यातला चहा प्यायलो, एका चिंचेखाली भाकरी खाल्ली. प्रत्येक वेळी म्हणायचो, पुढच्या वर्षी. तुम्ही गेलात तेव्हा हंगाम होता, मी काट्यावर होतो, निरोप आला तेव्हा पुढं उसाची गाडी उभी होती. काकूही गेल्या. आता विचारायचं ते कुणाला?

बाईंच्या कागदावर सातव्या नियमापुढं मी काल एक कारण लिहिलं होतं: 'दोर धरणाऱ्याचं लक्ष राहावं म्हणून.' खोटं नाही. परीक्षेत पूर्ण गुण मिळतील. रात्रभर ते मला खुपत राहिलं, कारण हेसुद्धा पाठ असलेलं वाक्य आहे. तोंड म्हणतंय, माणूस कुठं आहे ते कळत नाही. ते वाचून कुणा पोराला काय कळणार की पाठ कवितेच्या पायांनी माणूस कसा फिरतो, आणि फिरता फिरता वेढे कसे सुटतात? सकाळी ते खोडलं. आता तिथं एवढंच लिहितोय, ते आधी तुम्हाला दाखवतो: 'दोर चांगला होता. मी कविता म्हणत बुंध्याभोवती फिरलो, तीन वेढ्यांचा सव्वा झाला. वरचा माणूस माझ्या आवाजावर विश्वास ठेवून तोडत होता.' खाली सही करीन. हे पत्र काही कुठं टाकायचं नाही, टाकायला पत्ताच नाही. पण कागद बाईंना जाईल. आणि एक कबूल करून टाकतो, आबा: ते कारण लिहायची मला जी भीती होती, ती अपघातामुळं नव्हती. ते लिहिलं की माझी कविता म्हणायची पद्धत वाईट ठरते, याचं मला जास्त वाईट वाटत होतं. म्हातारपणी सुद्धा.

बाहेर रिक्षा थांबल्यासारखी वाटते. आठवडा व्हायचाय अजून, बाई इतक्यात कशा येतील? काठीचा आवाज येतोय. कुणीतरी चौकटीवर तीनदा ठोकलं.

"आत कोन हाय का?"

सून बाहेर गेलीय. मी काही बोलायच्या आत तो आवाज पुढं चालू झालाय, दम लागलेला, पण थांबत नाही: "दाराला कडी न्हाय. चपलांचा एकच जोड. तांब्या आंगनात पडलाय, कुनी उचलला न्हाय. आतमधी म्हातारा लिवत बसलाय, मान वर करंना."

आबा, तात्या आलाय. इंदापुरातून, त्या गुडघ्यांनी. दारातच उभा आहे, हातात घडी घातलेला बाईंचा कागद, म्हणजे त्या त्याच्याकडंही जाऊन आल्या. तो उलगडून माझ्यासमोर धरतोय, सहा कारणं कुणाकडून तरी लिहून घेतलेली, आणि म्हणतोय, "मास्तर, सातव्याची जागा मोकळी ठिवलीया. ती तुजी हाय."

म्हणजे त्यानं पाहिलं होतं. तो जे पाहायचा ते तुम्हाला सांगायचा. त्याचं कामच ते होतं. मी त्याला आत ये म्हणतोय, पण त्याआधी मला त्याला एकच विचारायचंय: त्या दिवशी पाहिलेलं त्यानं तुम्हाला सांगितलं होतं का?